कपाशीतली बीटी, कर्करोगाच्या पेशी आणि आईचा दहावा शेक

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी चोपडा तालुक्यातील कापूस उत्पादक शेतकरी आहे. माझ्या ५६ वर्षांच्या आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे निदान झाले असून नाशिकच्या एका रुग्णालयात तिचे उपचार चालू आहेत. २५ पैकी ९ शेक (किरणोपचार) झाले आहेत आणि आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषधही देतात. जुलाब आणि अशक्तपणामुळे ती कंटाळली आहे. 'माले घर जानं शे' हे रोजचेच झाले आहे. अशातच आमच्या भागात येणाऱ्या एका विक्रेत्याने मोबाइलवर एक लेख दाखवला. बीटी जिवाणूतील एक प्रथिन फक्त कर्करोगाच्या पेशी मारते आणि चांगल्या पेशींना धक्का लावत नाही, असे त्यात लिहिले होते. तेच प्रथिन भुकटीच्या रूपात मिळेल, महिन्याचे १८,००० रुपये पडतील, मात्र लाइटमुळे, म्हणजे शेकाच्या किरणांमुळे, प्रथिन निकामी होते म्हणून शेक बंद करावे लागतील, असे तो सांगतो. गावातले काही जण याउलट म्हणतात की बीटी कपाशीमुळेच हा आजार झाला. तो लेख खोटा आहे का? आमच्या शेतातल्या बीटीचा याच्याशी काय संबंध? आणि शेक थांबवावेत का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांना सवड आहे, त्याला नाही. आईचे शेक थांबवू नका. बाहेरून दिले जाणारे शेक, त्यासोबत आठवड्याला दिले जाणारे औषध आणि शेवटी आतून दिला जाणारा शेक, ज्याला डॉक्टर ब्रेकीथेरपी म्हणतात, हे तिन्ही मिळून एकच उपचार होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा सगळा उपचार पहिल्या शेकापासून आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आत पुरा व्हावा, असा डॉक्टरांचा दंडक आहे. मध्ये खंड पडला तर वाचलेल्या पेशी पुन्हा जोमाने वाढू लागतात आणि हे नुकसान पुढे चार शेक जास्त देऊन सहज भरून निघत नाही. आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे आपण लिहिलेले नाही, परंतु शेक आणि औषध बरोबरीने चालू आहेत यावरून एवढे दिसते की डॉक्टर नुसत्या वेदना कमी करण्यासाठी नव्हे, तर आजार मुळातून बरा करण्याच्या हेतूने उपचार करत असावेत. ही फार मोलाची गोष्ट आहे आणि ती आईलाही स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

आता लेखाविषयी. आपल्याला वाटले असेल की मी तो खोटा ठरवीन. तसे नाही. लेखातली मूळ गोष्ट खरी आहे, आणि ती विक्रेत्याच्या तोंडून आपल्यापर्यंत पोहोचली याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ती शास्त्रातील एक सुंदर गोष्ट आहे.

महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना मी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी एक प्रयोग करून घेत असे. कपाशीच्या शेतातली चिमूटभर काळी माती पाण्यात कालवून ती इतकी तापवायची की साधे जिवाणू मरतात आणि केवळ कठीण कवचाचे बीजाणू तगतात. मग तो थेंब बशीतल्या अन्नद्रव्यावर पसरायचा आणि तीन-चार दिवसांनी उगवलेल्या वसाहतींपैकी एखादीचा लेप काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. नशीब चांगले असले तर कांडीसारख्या पेशीत एका टोकाला चकाकणारा लंबगोल बीजाणू दिसतो आणि त्याच्या शेजारी उडवायच्या पतंगाच्या आकाराचा, चार कोन स्पष्ट असलेला एक स्फटिक दिसतो. हा स्फटिक दिसला की समजायचे की हा बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी. जपानमध्ये इशिवाता यांना १९०१ मध्ये तो रेशमाच्या मेलेल्या अळ्यांत सापडला होता आणि पुढे जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांनी थुरिंगिया प्रांतावरून त्याला हे नाव दिले. तो स्फटिक निव्वळ प्रथिनाचा असतो. अळीच्या पोटातील अल्कधर्मी रसात तो विरघळतो, तिथली पाचकद्रव्ये त्याचे तुकडे करतात, त्यातला एक तुकडा आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट रेणूला जाऊन चिकटतो आणि तिथे छिद्रे पडतात. अळी खाणे सोडते आणि मरते. आपल्या कपाशीत याच जातीचे क्राय१एसी नावाचे प्रथिन तयार व्हावे म्हणून जनुक घातले गेले. त्या कपाशीला मार्च २००२ मध्ये भारतात परवानगी मिळाली आणि २००६ पासून क्राय२एबी या दुसऱ्या प्रथिनाची जोड असलेले वाण आले. गुलाबी बोंडअळी त्यांनाही कशी पुरून उरली, हे २०१७ च्या हंगामात आपण सर्वांनी सोसले आहे.

मात्र मातीत सापडणारा प्रत्येक बीटी अळी मारत नाही. स्फटिक तर दिसतो, पण तो कोणत्याच किडीला बाधत नाही, असे कितीतरी वाण असतात. मग हे जिवाणू इतकी ताकद खर्चून तो स्फटिक बनवतात तरी कशासाठी? जपानमध्ये क्यूशू बेटावर मिचिओ ओहबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न धरून या 'निरुपयोगी' वाणांचे स्फटिक विरघळवले, पाचकद्रव्याने त्यांचे तुकडे केले आणि ते माणसाच्या पेशींवर टाकून पाहिले. १९९९ आणि २००० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष चकित करणारे होते. त्यातल्या काही प्रथिनांनी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मारल्या आणि निरोगी पेशी मात्र जवळपास तशाच राहिल्या. या प्रथिनांना पॅरास्पोरिन असे नाव मिळाले आणि आज त्यांचे सहा गट मानले जातात. यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचे पॅरास्पोरिन पेशीच्या आवरणाला चिकटून तिथे अनेक रेणूंचे कडे तयार करते आणि छिद्र पाडते, त्यामुळे पेशी फुगते आणि फुटते. पहिल्या क्रमांकाचे पॅरास्पोरिन निराळ्या वाटेने जाते. त्याच्यामुळे पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवण्याची क्रिया सुरू करते. यांची निवडही ठरलेली असते, म्हणजे जे प्रथिन एका प्रकारच्या कर्करोगपेशींवर तुटून पडते ते दुसऱ्या प्रकारावर जवळपास निष्प्रभ ठरू शकते. तेव्हा 'कर्करोगाच्या पेशी मारते' हे वाक्य कानावर पडले की 'कोणत्या?' हा प्रश्न लगेच विचारला पाहिजे.

इथे आपल्या आईच्या आजाराशी या गोष्टीचा खरोखर संबंध येतो आणि विक्रेत्याने बहुधा तोच हेरला. पहिल्या पॅरास्पोरिनने ज्या पेशी प्रभावीपणे मारल्या त्यांना हेला पेशी म्हणतात. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या आईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून तिला न विचारता त्या घेतल्या गेल्या होत्या. ती माउली त्याच वर्षी वारली, पण तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. म्हणजे 'गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी या प्रथिनाने मेल्या' हे विधान शब्दशः खरे आहे. पण त्या पेशी काचेच्या बशीत, गुलाबी पोषकद्रव्यात बुडालेल्या होत्या. तिथे रक्त नव्हते, यकृत नव्हते, मूत्रपिंड नव्हते, परक्या प्रथिनावर धावून जाणारी प्रतिकारशक्ती नव्हती. औषध बशीत थेट पेशीवर पडते. शरीरात त्याला रक्तातून वाट काढत गाठीच्या गाभ्यापर्यंत पोहोचावे लागते आणि वाटेत भेटणाऱ्या अनेक प्रकारच्या निरोगी पेशींना ओळखून सोडून द्यावे लागते. जिवाणूचे प्रथिन एकदा टोचले की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, आणि पुढच्या वेळी ते प्रथिन निकामी तरी होते किंवा जीवघेणी ॲलर्जी तरी उठते. पॅरास्पोरिन आजही प्रयोगशाळेच्या पायरीवरच आहे. त्याचे औषध म्हणून कोणत्याही दुकानात, कोणत्याही देशात विक्रीस परवानगी असलेले रूप नाही.

यावरून जिवाणूंच्या प्रथिनांपासून कर्करोगावर औषध होतच नाही, असा अर्थ कृपया काढू नका. होते, आणि त्याचे उदाहरण भारतातील रुग्णालयांतही रोज वापरले जाते. लहान मुलांच्या रक्ताच्या एका कर्करोगात, ज्याला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया म्हणतात, एल-ॲस्पॅराजिनेज नावाचे इंजेक्शन देतात. ते ई. कोलाय या जिवाणूपासून मिळवलेले प्रथिन आहे. त्याची युक्ती समजावून घेण्यासारखी आहे. ॲस्पॅराजिन हा प्रथिनांच्या बांधणीला लागणारा एक घटक आहे. निरोगी पेशी तो स्वतः बनवू शकतात, पण या कर्करोगाच्या पेशींना बहुधा ते जमत नाही आणि त्या रक्तातून मिळेल त्यावर जगतात. हे प्रथिन रक्तातला ॲस्पॅराजिन मोडून टाकते. घरात धान्य असलेला तगतो आणि रोज बाजारावर पोट असलेला उपाशी मरतो, तसे काहीसे तिथे घडते. गिनीपिगच्या रक्तद्रवामुळे उंदरांतील गाठी विरतात हे १९५३ मध्ये लक्षात आले, १९६० च्या दशकात तेच काम करणारे प्रथिन जिवाणूत सापडले आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली ती १९७८ मध्ये. म्हणजे पहिल्या निरीक्षणापासून २५ वर्षे गेली, आणि तरीही आज ते देताना डॉक्टर ॲलर्जी, स्वादुपिंडाचा दाह आणि रक्त गोठण्यातील बिघाड यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. ते इंजेक्शन आपल्या आईच्या आजारासाठी नाही. जिवाणूचे प्रथिन औषध होते तेव्हा ते कसे दिसते, हे कळावे म्हणून सांगितले.

आणखी एक प्रथिन आहे ॲझुरिन. ते स्यूडोमोनास जिवाणूत असते आणि त्यावर मूळचे बंगालचे, पण शिकागोत काम केलेले डॉ. आनंद चक्रवर्ती यांनी मोठे संशोधन केले. त्यातला २८ अमिनो आम्लांचा एक तुकडा रुग्णांवरील चाचणीपर्यंत पोहोचला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या चाचणीत १५ रुग्ण होते आणि मुख्य प्रश्न 'बरे होते का' हा नसून 'सोसवते का' हा होता. आशा वाटावी असे ते काम आहे, पण आशा आणि औषध यांत अंतर असते आणि ते अंतर पार करणाऱ्यांना त्याची पुरती जाणीव असते.

आता त्या भुकटीकडे वळतो. ती तोंडाने घ्यायची आहे, एवढ्यावरूनच तिचा निकाल लागतो. प्रथिन पोटात गेले की जठरातील आम्ल आणि पाचकरस त्याचे तुकडे करतात. आपण खातो त्या डाळीचे जे होते तेच त्याचे होते. मधुमेहाचे इन्सुलिन गोळीऐवजी टोचून घ्यावे लागते, त्याचे मुख्य कारण हेच आहे. शिवाय पुडीत नेमके काय आहे हे कोणालाच माहीत नाही. ती कृषी केंद्रात मिळणारी फवारणीची बीटी पावडर असेल, तर तिच्यात अळी मारणारे वाण असतात, पॅरास्पोरिनसाठी अभ्यासलेले वाण नव्हेत, आणि त्यांच्यासोबत जिवंत बीजाणू व फवारणीसाठी मिसळलेली इतर द्रव्येही असतात. बीटीचा सख्खा भाऊ म्हणावा असा बॅसिलस सेरियस शिळ्या भातातून जुलाब-उलट्या घडवतो. सलाइनमधल्या औषधाने ज्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात आणि ज्यांना आधीच जुलाब होत आहेत, अशा आईच्या पोटात असे काही घालणे धोक्याचे आहे. घरात पुडी आली असेल आणि तिने त्यातली एखादी मात्रा घेतली असेल, तर रागावू नका, पण डॉक्टरांपासून ते लपवूही नका.

'लाइटने प्रथिन निकामी होते' हे विधान ऐकायला शास्त्रीय वाटते, म्हणून त्याचेही उत्तर देतो. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एका शेकाला साधारण दोन ग्रे एवढी मात्रा मिळते आणि बाहेरचे सगळे शेक मिळून ती पन्नासच्या आसपास जाते. आईचे उपचार चालू आहेत त्याच जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' केंद्र आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे त्याला ६० ते ९० ग्रेच्या घरातील मात्रा देतात. त्यानंतर तो कांदा तसाच टणक राहतो, तसाच झोंबतो, त्यातली प्रथिने जागच्या जागी असतात. थांबतो तो फक्त कोंब, कारण किरणांचा घाव सर्वांत जास्त बसतो तो विभागून वाढणाऱ्या पेशींतील जनुकद्रव्यावर. आईच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. फरक एवढा की तिथे मात्रा थोडी-थोडी करून रोज देतात, कारण निरोगी पेशी दोन शेकांच्या मधल्या वेळात स्वतःची डागडुजी करू शकतात आणि कर्करोगाच्या पेशींना ती तितकी साधत नाही. 'वाईट पेशी मरतील आणि चांगल्या वाचतील' असे जे विक्रेता पुडीविषयी सांगतो, ते काम आईच्या शरीरात ९ शेकांपासून चालू आहे.

गावकऱ्यांच्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येते. गर्भाशयमुखाचा कर्करोग बीटी कपाशीमुळे होत नाही. तो जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हा शोध लावणारे हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्राय१एसी प्रथिन ज्या रेणूंना चिकटते ते अळीच्या आतड्यात असतात, माणसाच्या आतड्यात नसतात. शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलात तर प्रथिन जवळपास उरतच नाही. म्हणून त्या तेलाने आजार होतो हेही खरे नाही आणि बरा होतो हेही नाही. पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग फार मोठ्या संख्येने स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो, त्यामुळे आईच्या वागण्याशी या आजाराचा संबंध कोणी जोडू लागला तर त्याला तिथेच थांबवा. आपल्या पत्नीने आणि बहिणींनी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी आणि घरात नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील तर या विषाणूवरील लसीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

पत्र वाचताना मला राहून राहून वाटले की भुकटीचा प्रश्न उभा राहिला तो आईच्या जुलाबांतून आणि घरच्या ओढीतून. ते सोसणे खरे आहे आणि त्यावर उपायही आहेत. ओटीपोटाला शेक मिळतो तेव्हा आतड्याचे अस्तर हुळहुळे होते आणि जुलाब लागतात. साधारणपणे उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते कमी होतात. तोवर दिवसाला किती वेळा जुलाब झाले हे एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांसमोर ठेवा, म्हणजे औषध, सलाइन आणि रक्ततपासणी यांचा निर्णय त्यांना नेमका घेता येईल. तिखट शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि कच्च्या कांद्याचा ठेचा हे तिच्या आवडीचे असले तरी थोडे दिवस दूर ठेवा आणि मऊ भात, मुगाचे वरण, ताक, मीठ-साखरेचे पाणी यांवर भर द्या. ताप आला, जुलाबातून रक्त गेले किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या शेकाची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. घरी जायचेच असेल तर शुक्रवारचा शेक झाल्यावर न्यावे आणि सोमवारी वेळेवर हजर राहावे. बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवार सुट्टी असते. फक्त प्रवास झेपेल का हे आधी विचारून घ्या. वेचणीची काळजी तिच्या डोक्यात असेल, तर ती कोणावर सोपवली आहे हे नाव घेऊन सांगा. शेतकरी बाईला 'होऊन जाईल' या शब्दाने झोप लागत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले रुग्णालय आणि हा उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडे विचारा. पुढे कधी कोणी 'नव्या औषधाची चाचणी' म्हणून आले तर तीन गोष्टी पाहाव्यात. भारतातील नोंदवहीत त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, मराठीतले संमतीपत्र वाचून दाखवून समजावून द्यावे लागते, आणि चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागता येत नाहीत. आपल्याकडे आलेल्या माणसाने पहिल्याच भेटीत १८,००० रुपये सांगितले.

कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्याने निषिद्ध आहे. त्यामुळे त्या पुडीचे व तिच्यावरील मजकुराचे छायाचित्र काढून ठेवा, संदेश पुसू नका आणि जळगावच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पैसे दिले असतील तर ती नोंदही जोडा. हे काम आई रुग्णालयात असताना घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावे. आपण सोमवारी सकाळी तिच्यासोबत नाशिकला असावे, कारण दहावा शेक त्या दिवशी आहे.